पटावरचे नाव आणि पावसाळ्यातली उचल

कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांत शाळेचा पट जूनमध्ये भरतो आणि दिवाळीनंतर ओस पडू लागतो. वाटेत डोंगर असतात, ओढे असतात. पण मोठा अडसर उचलीचा. पावसाळ्यात हाताला काम नसते, घरातले धान्य संपते. तेव्हा वीटभट्टीचा मालक आगाऊ पैसे देतो आणि ते फेडण्यासाठी सारे कुटुंब मुलांसह भट्टीवर जाते, ते पुढच्या पावसाच्या तोंडाशी परतते.

खैराचा कात काढणारे ते कातकरी. १८७८च्या वनकायद्याने जंगलावर सरकारचा ताबा घट्ट केला, तसा हा धंदा आटत गेला. वाट्याला आधी कोळशाच्या, मग विटांच्या भट्ट्या आल्या. १९७६च्या वेठबिगारीविरोधी कायद्यात उचलीपोटी राबवून घेणेही मोडते. २००९च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. तरीही, सरकारी दप्तरातल्या 'शाळाबाह्य' या शब्दात हे कर्ज कुठेच दिसत नाही. (शब्द मोठा सोयीचा आहे!)

विधायक संसदेने १९९०च्या दशकात ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच 'भोंगाशाळा' काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीमजुराची तात्पुरती झोपडी. शाळा अशी मुलांमागोमाग गेली, हे थोडे नव्हे. पण भोंग्यात मूल पोचते ते आईबापांच्या उचलीपायी, आणि ती उचल पावसाळ्यातच, वाडीवर, घेतलेली असते.