जुना फिल्टर काय सांगतो?

गाडीचं ऑइल बदललं की जुना फिल्टर कुठे जातो, कधी बघितलंय? बहुतेक वेळा थेट कचऱ्यात. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण त्या फेकलेल्या फिल्टरवर आहे असं सांगितलं की घरचे हसतात. म्हणून या वेळी त्याबद्दलच लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंजिनात धातूचे भाग एकमेकांवर फिरतात. मध्ये ऑइलचा पातळ थर असला तरी थोडी झीज होतेच, आणि तो चुरा ऑइलबरोबर फिरत राहतो. तो अडवण्यासाठी अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्श यांनी १९२३ च्या सुमारास मोटारीसाठी ऑइल फिल्टर आणला. नाव ठेवलं प्युरोलेटर. १९२४ च्या क्रायस्लर गाडीत तो कंपनीकडूनच बसून यायला लागला. उद्देश साधा होता: ऑइल स्वच्छ ठेवायचं. पण जे अडकतं त्यावरून इंजिनाच्या आत काय चाललंय हे कळतं, हे मेकॅनिक लोकांच्या लवकरच लक्षात आलं.

विमानांच्या बाबतीत हे जिवावरचं काम होतं. रस्त्यात इंजिन सीज झालं तर गाडी बाजूला घेता येते. एकाच इंजिनाच्या विमानाला ती सोय नाही. म्हणून जाळीत किंवा फिल्टरमध्ये सापडलेला कण कोणत्या धातूचा आहे हे ओळखायच्या साध्या चाचण्या विमान-मेकॅनिकच्या पाठ्यपुस्तकांत आल्या. चुंबकाला चिकटला तर लोखंड किंवा पोलाद. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नवर वितळला तर कथील-शिसं. हायड्रोक्लोरिक आम्लात फसफसला तर ॲल्युमिनियम. नायट्रिक आम्लात हिरवा ढग आला तर तांबं किंवा ब्राँझ, आणि पांढुरकं धुकं आलं तर चांदी. धातू कळला की भाग कळतो: ॲल्युमिनियम बहुधा पिस्टनचं, ब्राँझ बुशिंगचं. चार बाटल्या, एक चुंबक आणि बघणारे डोळे, एवढीच ती प्रयोगशाळा!

मग रेल्वे आली. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या रेल्वे वाफेवरून डिझेलवर चालल्या होत्या. कोलोराडोच्या डोंगरातून जाणाऱ्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेच्या प्रयोगशाळेनं वापरलेल्या ऑइलचे नमुने स्पेक्ट्रोग्राफखाली तपासायला सुरुवात केली. विजेच्या ठिणगीत नमुना जाळला की प्रत्येक धातू आपापल्या रंगाचा प्रकाश देतो. त्यावरून दहा लाखात किती भाग लोखंड, किती तांबं, हे आकड्यात मिळायला लागलं. क्रोमियम वाढलं तर रिंग बघा. सिलिकॉन वाढलं तर एअर फिल्टरमधून धूळ शिरतेय. पुढे पन्नाशीच्या दशकात अमेरिकी नौदलानं हीच पद्धत विमानांना लावली, आणि १९७६ मध्ये तिन्ही सैन्यदलांचा संयुक्त कार्यक्रम उभा राहिला. आपल्या रेल्वेनंही डिझेल शेडमध्ये अशा प्रयोगशाळा उभारल्या.

इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल: आधी डोळे, मग यंत्र, आणि यंत्र जिंकलं. मीसुद्धा पहिल्या वर्षी असंच लिहिलं होतं. गाईडनी समासात एकच प्रश्न लिहिला: "मग फिल्टर अजून का कापतात?"

उत्तर कणांच्या आकारात आहे. नेहमीच्या स्पेक्ट्रोमीटरला साधारण ५ ते १० मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट मोजता येतात. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे विचार करा. हळूहळू होणाऱ्या झिजेचे कण बारीक असतात, ते बरोबर पकडले जातात. पण बेअरिंगचा पृष्ठभाग थकून त्याचे पापुद्रे सुटायला लागले, तर ते मोठे असतात. ठिणगीत ते पुरते जळत नाहीत, आणि मुळात नमुन्याच्या बाटलीत येतच नाहीत, कारण फिल्टरनं ते आधीच अडवलेले असतात. रिपोर्टवर "नॉर्मल" आणि फिल्टरमध्ये चमचमणारा कीस, हे एकाच दिवशी, एकाच इंजिनाच्या बाबतीत होऊ शकतं. फिल्टर जितके बारीक होत गेले, तितका हा धोका वाढला.

मधल्या आकाराच्या कणांसाठी १९७० च्या दशकात व्हर्नन वेस्कॉट यांनी फेरोग्राफी आणली. तिरक्या काचपट्टीवरून ऑइल सोडायचं, खाली चुंबक. लोखंडाचे कण आकारानुसार काचेवर ओळीनं बसतात, मग ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. लेथवरच्या किसासारखे वळलेले असतील तर काहीतरी घासून कापतंय, पातळ चपटे असतील तर नेहमीची झीज. थोडक्यात, पुन्हा डोळेच.

म्हणून लायकमिंगसारखी विमान-इंजिनांची कंपनी आजही सांगते की फुल-फ्लो फिल्टर असेल तर दर ५० तासांनी किंवा ४ महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, तो बदला आणि कापून बघा. कापायला हॅकसॉ नको, तिचाच कीस आत पडतो. डबा उघडायच्या चावीसारखं कटर मिळतं. आतला घडीदार कागद सोडवायचा, ऑइल पिळून काढायचं आणि उन्हात पसरून बघायचं. काळे कण बोटानं चुरडले गेले तर तो कार्बन, घाबरायचं कारण नाही. नव्या इंजिनात थोडा धातू येतोच. महत्त्वाचं हे की मागच्या वेळेपेक्षा वाढलाय का.

माझ्या प्रकरणाचं म्हणणं एवढंच आहे: यंत्रानं मेकॅनिकची जागा घेतली नाही, दोघांनी कामं वाटून घेतली. पण प्रयोगशाळेचे अहवाल जपून ठेवले गेले, आणि कागद पसरून बघणाऱ्याचं ज्ञान बरंचसं तोंडीच राहिलं. त्यामुळे इतिहास लिहिताना आपण रिपोर्टवरच विसंबतो आणि मोठे कण आपल्याही हातून निसटतात.

पुढच्या सर्व्हिसिंगला तुमच्या मिस्त्रींना विचारून बघा, जुना फिल्टर ते कधी उघडून बघतात का. काय म्हणाले ते मला जरूर कळवा.