ओळखीचा नंबर

वर्धा जिल्ह्यात वायगाव नावाची एकाहून जास्त गावे आहेत. वर्धा शहराजवळ वायगाव (निपाणी) आणि समुद्रपूर तालुक्यात वायगाव (हळद्या). यातल्या दुसऱ्या गावाच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पुण्यातल्या कोणी ही हळद घ्यायची म्हणून मोबाइलवर नुसते ‘वायगाव’ शोधले आणि तो निपाणीच्या चौकात येऊन उभा राहिला, तर हळद कितीही कसदार असली तरी विकली जाणार नाही. मोबाइलवरून धंदा वाढवणे म्हणजे नेमके काय, असे कोणी विचारले की मला ही दोन गावे आठवतात.

या विषयाचे नाव ऐकूनच पुष्कळ दुकानदार मागे सरतात. हे मोठ्या शहरांचे, मोठ्या कंपन्यांचे काम, असा समज आहे, आणि तो समजण्यासारखाही आहे, कारण या विषयावर जे लिहिले गेले ते बहुतेक त्यांच्यासाठीच. ही पुस्तिका हिंगणघाटच्या कापड दुकानदारासाठी आहे, आर्वीच्या शिलाईवालीसाठी आहे, देवळीच्या चक्कीवाल्यासाठी आहे आणि उन्हाळ्यात पापड-कुरड्या करणाऱ्या बचत गटासाठी आहे. तुमच्या खिशातला फोन तुम्ही आधीच चालवता. त्याच्याकडे दुकानाच्या पाटीसारखे आणि वहीसारखे कसे पाहायचे, एवढेच येथे सांगायचे आहे.

वाचकांनी एक गोष्ट अभिमानाने लक्षात घ्यावी. छोट्या कारागिराचा माल गिऱ्हाइकापर्यंत कसा पोचावा, या प्रश्नावर देशात जो खोल विचार झाला त्यातला मोठा भाग वर्ध्यात झाला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते. १९३८ साली तिथेच मगन संग्रहालय उघडले, ग्रामोद्योगाच्या वस्तू लोकांना डोळ्यांनी पाहता याव्यात म्हणून. कुमारप्पांचे म्हणणे असे की, वस्तू ज्या परिस्थितीत तयार होते तिची जबाबदारी विकत घेणाऱ्यावरही येते. म्हणून करणारा आणि घेणारा यांच्यात फार अंतर नसावे. मला हा विचार आजच्या कामाला सर्वांत उपयोगी वाटतो. घाण्याचा, मागाचा, हळद उकळण्याच्या कढईचा एक साधा फोटो हे अंतर कमी करतो. चकचकीत जाहिरातीतून ते होत नाही.

साधने अलीकडची आहेत. यूपीआय २०१६ मध्ये आले आणि पाहता पाहता पानठेल्यावरही क्यूआर कोड लागला. व्हॉट्सॲपचे व्यवसायासाठीचे वेगळे ॲप जानेवारी २०१८ मध्ये भारतात आले. त्यात दुकानाची वेळ, पत्ता, मालाचे फोटो आणि भाव मांडून ठेवता येतात. मात्र क्यूआर कोडने पैसे येतात, ओळख येत नाही. पैसे देऊन गेलेला माणूस पुन्हा येईल की नाही, हे त्या कोडला सांगता येत नाही.

म्हणून पुस्तिकेतले सर्वांत लांब प्रकरण गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांवर आहे. नवे लोक बहुधा व्हॉट्सॲप ग्रुप काढतात. मी तसे सुचवणार नाही. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर इतरांना दिसतो, आणि ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बाईला आपला नंबर दीडशे अनोळखी माणसांसमोर नको असतो. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, कोणालाही दुसऱ्याचे नाव कळत नाही, आणि प्रत्येकाला निरोप आपल्या एकट्याला आल्यासारखा वाटतो. यात एक अट आहे, आणि ती मला फार आवडते: ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच तो निरोप पोचतो. म्हणजे आधी त्याच्या फोनमध्ये तुम्हाला जागा मिळाली पाहिजे. माल बांधून देताना ‘नवा माल आला की कळवू का?’ असे विचारा. हो म्हणाले तर तिथल्या तिथे नंबर सेव्ह करायला सांगा. नाही म्हणाले तर विषय तिथेच संपला.

अनोळखी हजारो नंबर विकत घेऊन एसएमएस पाठवण्याचा मार्ग कोणी सुचवला तर नको म्हणा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यापारी एसएमएससाठी पाठवणाऱ्याची आणि मजकुराचीही नोंदणी लागते. असे निरोप नको असणारा ग्राहक १९०९ वर तसे नोंदवू शकतो.

कधी कळवायचे, हे तर तुम्हीच मला शिकवाल. जुलैत पेरणीच्या घाईत साडीचा फोटो कोण पाहणार? कापूस विकून हातात पैसा आला की तोच फोटो घरभर फिरतो. सिंदी (रेल्वे) चा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. लाकडी नंदी घडवणाऱ्या सुताराने पोळ्याच्या आदल्या दिवशी फोटो पाठवला तर उशीर झाला. तीन आठवडे आधी, रंग द्यायच्या अवस्थेतला नंदी दाखवला तर मुलेच आईवडिलांच्या मागे लागतील.

वाचकांनी ही पुस्तिका क्रमाने वाचलीच पाहिजे असे नाही. ज्यांचे दुकान नकाशावर नाही त्यांनी तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करावी. खूण लावताना गावाचे पूर्ण नाव आणि तालुका लिहावा, वायगावसाठी तर नक्कीच. खाण्याचा माल विकणाऱ्यांनी फोटो काढताना पाकिटावरचा अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक वाचता येईल असा ठेवावा. बाकीच्यांसाठी पहिले पान कोरे सोडले आहे. त्यावर तुमच्या दहा नेहमीच्या गिऱ्हाइकांची नावे लिहा, आणि प्रत्येक नावासमोर त्याने शेवटचे काय नेले ते लिहा. पहिले प्रकरण त्या पानावरूनच सुरू होते.