खुरटी तिवरं आजारी नसतात

मालाड पश्चिमेला मालवणीच्या मागे खाडीच्या अंगाला उतरलं की कांदळवनाच्या दोन तऱ्हा दिसतात. पाण्याच्या काठाला तिवरं दोन पुरुष उंच. आत, जिथे फक्त उधाणाचं पाणी पोचतं, तिथे तीच तिवरं कंबरेएवढी. जात एकच. या आतल्या झाडांबद्दल आमच्याकडे एक मत पक्कं बसलं आहे: मिठामुळे ती उपाशी राहतात, खुरटतात, मरणाला टेकलेली असतात, असल्या झुडपांना जंगल काय म्हणायचं? हे मत मला मुळातच चुकीचं वाटतं.

त्यात खरं आहे ते आधी मान्य करतो. उन्हाळ्यात आतल्या चिखलातलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि तसल्या मातीतून पाणी ओढणं मुळांना जड जातं. मे महिन्यात तिवराचं पान बोटाने पुसलं तर मिठाचे बारीक कण बोटाला लागतात. ते बाहेर टाकायलाही झाडाची शक्ती खर्ची पडते. तिवराला खारटच पाणी आवडतं हा समजही खोटा आहे. गोड्या पाण्याने पातळ झालेल्या समुद्राच्या पाण्यात ते अधिक जोमाने वाढतं.

पण यातून उपासमार सिद्ध होत नाही. पाण्याचा ताण पडला की पानांची वाढ आधी मंदावते, प्रकाशसंश्लेषण नंतर. मधल्या काळात पानांत साखर साठलेली सापडते. उपाशी घरात धान्याची कणगी भरलेली कशी असेल? वाढ आवरली जाते, आणि ती आवरतात संप्रेरकं. झाडाला कोरड जाणवली की अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढतं आणि पर्णरंध्रं मिटतात. दुसरीकडे, पेशींत डेला नावाची प्रथिनं वाढीला लगाम घालून असतात. जिब्रेलिन हे संप्रेरक त्यांचा नाश घडवून तो लगाम सोडवतं. खारटपणा वाढला की जिब्रेलिन घटतं, डेला साठतात, लगाम आवळला जातो.

हा लगामच काढून टाकला तर? २००६ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिसची डेला प्रथिनं जवळजवळ नसलेली रोपं मिठात वाढवली. ती साध्या रोपांपेक्षा कमी खुरटली, आणि मेली मात्र जास्त. उपासमारीच्या मताला याचं उत्तर देता येत नाही.

कोकणातल्या हापूसवाल्याला तर हे नव्याने सांगायला नको. तो कलमाच्या बुंध्याशी कल्टार हे वाढरोधक औषध घालतो ते झाडात जिब्रेलिन तयार होणं रोखण्यासाठीच. पालवी आवरली की मोहोर येतो. त्या कलमाला कुणी आजारी म्हणत नाही.

कुणी म्हणेल, मोहरीवरून तिवराचा निवाडा कसा करता? रास्त आहे. म्हणून खारफुटीवरचाच पुरावा घेऊ. खारफुटीच्या अभ्यासक कॅथरीन लव्हलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणच्या खारफुटीला, त्यात ऑस्ट्रेलियातल्या तिवरांनाही, खत घालून पाहिलं आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. खताने मुळांच्या मानाने फांद्यापानंच फार वाढली. आणि माती अति खारट, पाऊस कमी अशा जागी खत मिळालेली झाडंच जास्त मेली. मालाडच्या खाडीत उपनगरांचं सांडपाणी उतरतं, म्हणजे एका परीने खतच. पण काठावरच्या तिवराच्या मुळांशी साठलेलं मीठ भरती-ओहोटी रोज धुऊन नेते. त्याला उंच होणं परवडतं. आतल्याला ती सोय नाही. ते कंबरेएवढं राहून, बोटभर श्वसनमुळांच्या दाटीत गाळ धरून, वर्षानुवर्षं जगतं.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात कांदळवनाचं क्षेत्र कितीही असो, ते सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, पहिल्या वर्गातच धरलं. तिथे उंचीची अट नाही. म्हणून आतल्या पट्ट्याला नुसती झुडपं समजून मोजणीतून गाळा म्हणणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे.