‘पडलात का?’ हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही

‘वय झालं की माणूस पडायचाच’ हे आपण इतक्यांदा ऐकतो की त्यात संशोधनाचा विषय आहे असं वाटतच नाही. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनचे डॉक्टर जे. एच. शेल्डन यांना नेमकं हेच खटकलं. १९६० साली त्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२ जणांच्या ५०० वेळा पडण्याची छाननी मांडली. कुणी जिन्यावर पडलं होतं, कुणी चक्कर येऊन. काहींचे तर शुद्धीत असतानाच पाय अचानक गळाले होते.

पुढे १९८१ मध्ये त्याच नियतकालिकात वाइल्ड, नायक आणि आयझॅक्स यांनी घरात पडलेल्या वृद्धांचा अभ्यास छापला. तासभर किंवा जास्त वेळ जमिनीवर पडून राहिलेल्यांपैकी निम्मे सहा महिन्यांत दगावले होते. म्हणजे हाड मोडलं का, एवढंच विचारून भागणार नव्हतं. उठता आलं का, मदत किती वेळाने पोचली, हेही विचारायला हवं.

पण विचारायचं कसं? मला या इतिहासातला सगळ्यात आवडलेला पेपर १९८८चा आहे, कमिंग्ज, नेविट आणि किड यांचा. साठीपुढच्या ३०४ जणांच्या पडण्याची त्यांनी वर्षभर दर आठवड्याला नोंद घेतली आणि शेवटी त्यांनाच विचारलं, गेल्या तीन, सहा, बारा महिन्यांत पडलात का? नक्की पडल्याची नोंद असलेल्यांपैकी १३ ते ३२ टक्क्यांना ते आठवतच नव्हतं! वर्षातून एकदा प्रश्नावली भरून घेणाऱ्या अभ्यासांचं काय होत असेल, तुम्हीच बघा.

त्याच वर्षी मेरी टिनेटी यांनी पंचाहत्तरीपुढच्या ३३६ जणांचा वर्षभर मागोवा घेतला. ३२ टक्के लोक निदान एकदा पडले. एकही जोखीम-घटक नसलेल्यांमध्ये हे प्रमाण ८ टक्के, चार किंवा जास्त घटक असलेल्यांमध्ये ७८. झोपेच्या गोळ्या, पायांच्या तक्रारी, चालण्यातला तोल अशा गोष्टी एकावर एक साचत जातात, हे त्यातून दिसलं.

हे सगळं वाचून मी मराठी प्रश्नावली केली आणि आधी घरीच करून पाहिली.

“आजी, गेल्या सहा महिन्यांत पडलीस का गं?”

“नाही बाई.”

जरा वेळाने स्वतःहून म्हणाली, “मोरीत घसरून बसले होते एकदा. पण त्याला काय पडणं म्हणतात?”

आता माझ्या प्रश्नावलीत घसरणं, तोल जाणं, खाली बसकण मारणं असे तीन वेगळे प्रश्न आहेत.