लगेजच्या डब्यातली किटबॅग

खेळाडूच्या धावा आणि बळी कुणीतरी लिहून ठेवतं. पण त्याला मैदानापर्यंत कोणी आणि कसं पोचवलं, ते कुठल्याच धावफलकावर येत नाही. आमच्या वसई-विरारकडे तर निम्मा खेळ तोच.

आमच्या होळीत खेळाला कुणाचा विरोध नव्हता. भात कापून झालं की मोकळ्या शेतात पोरं पिच करायची, म्हातारे बांधावर बसून पंचाला शिव्या द्यायचे. अडचण यायची पोरगा खरंच चांगला निघाला की. कारण खरं क्रिकेट मुंबईत. शाळांची हॅरिस शिल्ड सव्वाशे वर्षांहून जुनी, आणि तिचे मोठे सामने आझाद मैदानावर, इथून पन्नासेक किलोमीटरवर. विरारहून मुंबईला गाडी १८६७ पासून होती. विजेची लोकल विरारपर्यंत आली १९३६ साली. तेव्हापासून आमचा भाजीपाला, केळी, फुलं, नोकरदार आणि खेळणारी पोरं सगळी एकाच वाटेने गेली.

माझा थोरला भाऊ वेगात टाकायचा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्याला दादरच्या एका क्लबात सरावाला बोलावलं. बापाचा प्रश्न एकच, "खेळू दे की, पण वाडीला पाणी कोण लावील?" बावखलावरचा पंप सकाळीच चालवावा लागे. पैशाचं नंतर बघता आलं असतं, हात कमी पडत होते.

तोड आईने काढली. ती तशीही आठवड्यातून तीनदा दादरला माल घेऊन जायची. तेच दिवस सरावाचे ठरले. पहाटेची गाडी, लगेजचा डबा, अळूच्या जुड्या, केळी, चाफ्याच्या पुड्या आणि मधे भावाची कॅनव्हासची पिशवी. माणसांच्या डब्यात ती पिशवी कुणी शिरू दिली नसती. विरार लोकलमधे स्वतःचे दोन पाय ठेवायला जागा मिळाली तरी पुष्कळ, हे ज्याने प्रवास केलाय त्याला सांगायला नको. लगेजच्या डब्यातल्या बायका मात्र सरकून घ्यायच्या. वर पॅडवर टोपली टेकवायच्या. भावाच्या पांढऱ्या पँटीला कायम केळीचा डाग, आणि तो डाग काही केल्या जात नाही. नेटमधली मुंबईची पोरं हसायची म्हणे.

तीन हंगाम हे चाललं. मग बापाचं दुखणं निघालं आणि पाण्याचा प्रश्न परत उभा राहिला. या वेळी त्याला उत्तर नव्हतं.

म्हणून मला पुढच्या पिढीच्या गोष्टींत धावांपेक्षा घरची माणसं जास्त दिसतात. विरारचा पृथ्वी शॉ. आई तो चार वर्षांचा असताना गेली. वडील पंकज यांनी कपड्यांचा छोटा धंदा सोडला आणि पोराला घेऊन पहाटेची लोकल धरली, वांद्र्याच्या मैदानासाठी. २०१३ साली, चौदाव्या वर्षी, त्याने हॅरिस शिल्डमधे ५४६ धावा केल्या. पुढचा त्याचा रस्ता सरळ गेला नाही, त्यावर पेपरवाल्यांनी भरपूर लिहिलंय. त्या बापाच्या पहाटा त्यामुळे वाया गेल्या असं मी म्हणणार नाही.

पालघरच्या शार्दुल ठाकूरचं वेगळं. बोरिवलीच्या शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांना तो हवा होता, पण दहावीचं वर्ष आणि रोजचा एवढा प्रवास, वडील कबूल होईनात. मग लाडांनी त्याला स्वतःच्याच घरी ठेवून घेतलं. दुसऱ्याचं पोर, दहावीचं, घरात ठेवायचं! लाडांच्या बायकोने होकार दिला म्हणून ते झालं. तिच्याबद्दल फार कुणी लिहीत नाही. ऑक्टोबर २०१८ मधे हैदराबादच्या कसोटीत विरारचा आणि पालघरचा, दोघंही भारताकडून एकत्र खेळले. लगेजच्या डब्यात त्या दिवशी पेढे वाटायला हवे होते.

आणि कल्याणचा प्रणव धनावडे. रिक्षावाल्याचा पोरगा. जानेवारी २०१६ मधे शालेय सामन्यात नाबाद १००९. मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. पुढच्या वर्षी त्याच्या धावा आटल्या, तेव्हा वडिलांनीच पत्र लिहून ती बंद करायला सांगितलं. रिक्षा चालवून महिना काढणाऱ्याला दहा हजार म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला त्या पत्राचं वजन कळेल. पोराच्या डोक्यावरचं ओझं बापाने उतरवून ठेवलं. मला तरी हे गाडी पकडण्याहून अवघड वाटतं.

भाऊ आता साठी ओलांडून गेला. वाडी तोच बघतो, रविवारी पोरांच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो. आईला मी एकदा विचारलं होतं, तुला त्याची बोलिंग कशी वाटायची? ती म्हणाली, "मी कुठं बघितली? त्याला मैदानाच्या तोंडाशी सोडायची न् बाजारात पळायची. माल सुकायचा ना."