झाडीपट्टीतील करमणूक आणि समजुती

नागपूरकर भोसल्यांच्या काळात (1853 पर्यंत) झाडीपट्टीतील भंडारा परिसर म्हणजे धानशेती आणि तलावांचा मुलूख होता. करमणूकही शेतीच्या चक्राला बांधलेली असे. दिवाळीनंतर गोवारी मंडळी नाचत, गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरे. रात्री दंडार हे लोकनाट्य रंगे. त्यात स्त्रीची भूमिका पुरुषच करत. धान घरात आले की शंकरपटात बैलजोड्या धावत. करमणुकीला समजुतींचीही जोड होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पळसाच्या फांद्यांसह रोगराई गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकली जाई. देवीची साथ हा मातेचा कोप मानून मातामायची पूजा होई. यातील शंकरपटावर अलीकडच्या काळात, 2014 मध्ये, न्यायालयीन बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये त्याला परवानगी देणारा महाराष्ट्राचा सुधारित कायदा वैध ठरवला.