मेलॅनिनचा स्विच: मापन टिकले, अर्थ बदलला

आपल्या केसांना आणि माकूळ या समुद्री प्राण्याच्या शाईला काळा रंग देणारे रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन. १९७४ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे जॉन मॅकगिनेस, पीटर कॉरी आणि पीटर प्रॉक्टर यांनी त्याचा विद्युत स्विच करून दाखवला. ठरावीक व्होल्टेज ओलांडताच त्याचा रोध एकदम घटे. मात्र नमुना ओलसर असावा लागे. त्यांनी मेलॅनिनला अस्फटिकी अर्धवाहक मानले.

१९७७ मध्ये पॉलिअ‍ॅसिटिलीनची उच्च वाहकता प्रसिद्ध झाली. तिच्या संशोधकांना २००० साली नोबेल मिळाले; मेलॅनिन मागे पडले.

पण ओलावा का लागतो? २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या गटाने दाखवले, की पाण्यामुळे मेलॅनिनमध्ये मोकळे होणारे प्रोटॉनही वीज वाहतात. शरीरातील संदेश आयनांवर चालतात, आपली उपकरणे इलेक्ट्रॉनांवर. म्हणून या दोहोंना जोडणारा पदार्थ म्हणून मेलॅनिनकडे आज पाहिले जाते.

१९७४ चे मापन खोटे ठरले नाही, त्याचा अर्थ बदलला. तो बदलता आला, कारण ओलाव्याची नोंद झाली होती. प्रयोगवहीत तुम्हीही व्होल्टेजशेजारी हवेतील आर्द्रता लिहीत जा.